गावपळणीतलं पुढचं चाक

एकदा ज्याने जमीन सोडली, त्याला पुन्हा पहिल्यासारखं चालता येत नाही. हे वाक्य मी बरीच वर्षं जपून ठेवलं आहे, कारण ते माझ्यापुरतं खरं आहे. तपशिलात जायचं तर मी जमीन निम्मीच सोडली होती. मागचं चाक खालीच होतं. आणि चालता न येण्याचं कारण घोट्यावर बसलेला फूटरेस्टचा फटका हे होतं. आठ दिवस हळद लावल्यावर मी पहिल्यासारखी चालू लागले.

परवा आचऱ्याहून येताना वाट वाकडी करून गावातून आले. शिवेवरच्या ओहोळावर साकव होता, तिथे आता सिमेंटचा पूल आहे. पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना मळा, पुढे घरं आणि मधून शाळेपर्यंत सरळ गेलेला रस्ता. आमच्याकडे सरळ रस्ता ही दुर्मीळ वस्तू आहे. इथले रस्ते प्रत्येक माडाला आणि प्रत्येक भाऊबंदकीला वळसा घालत जातात. हा एकच कोणालाही न विचारता गेलेला. गाडीची काच खाली केली. कापणी झालेल्या मळ्यात कुळीथ वर आला होता, उतारावरून काजूच्या मोहोराचा तो गोडसर, किंचित आंबूस वास येत होता, आणि माझे तळहात घामाने ओले झाले. मोहोराच्या वासाने लोकांना बालपण आठवतं. मला क्लच आठवतो.

गावपळण म्हणजे काय, हे घाटावरच्या मैत्रिणींना सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. तीन-चार वर्षांनी एकदा ग्रामदेवाला कौल लावतात, देव हुकूम देतो, आणि अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री घरं सोडून शिवेबाहेर राहायला जातो. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या, कुत्री जातात. का, याची पाच म्हातारे पाच कारणं देतात आणि पाचही जण बाकीच्या चार कारणांना हसतात. मी कारणाच्या फंदात कधी पडले नाही. मला आठवतं ते झापांचं हिरवं, ओलसर छप्पर, विणलेल्या माडाच्या पातींतून अंगावर पडणारी उन्हाची चौकट-चौकट, आणि एकाच वेळी शंभर चुलींवर शिजणाऱ्या पेजेचा वास. फडक्याखाली बांधलेल्या पाटीत कोंबड्या रागाने कुरकुरायच्या. बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारी दोन घरं काजूच्या एकाच झाडाखाली आलेली असायची, आणि दुसऱ्या दिवशी एकीचं माशाचं तिखलं दुसरीच्या ताटात असायचं. सगळा गाव तीन दिवस सहलीला आलेला, फक्त सहल म्हणायचं नाही, कारण ती देवाची आज्ञा.

त्या वर्षी मी वीस वर्षांची होते आणि गावपळणीला निघताना आईने हाक मारली ती अजून कानात आहे.

"लोकां भांडी घेऊन जातत, पोरां घेऊन जातत. ह्या आमचा चेडू बघा, दिनग्याची फटफटी पुसता!"

दिनू माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठा, म्हणजे दादा म्हणायचं नाकारता येईल इतकाच मोठा. त्याची दोनशे सीसीची लाल गाडी होती. पुढे वाकून बसायची, मागची सीट आभाळात, अशी. तिच्या टाकीचा गरम पत्र्याचा वास, चेनला लावायच्या तेलाचा वास, आणि सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर घसा खाकरल्यासारखा निघणारा आवाज, हे सगळं मला पाठ होतं. दिनूला बोटीवर नोकरी लागली होती. गाव परत घरी गेला की त्याच दिवशी कणकवलीचा एक गिऱ्हाईक येऊन गाडी घेऊन जाणार होता. आणि दिनू, जो कधी कोणाला स्वतःचा कंगवा देत नसे, त्याने महिन्यापूर्वी सड्यावर उभं राहून मला शब्द दिला होता.

"पुढचा चाक वर काढलंस ना, तर गाडी तुझी. गिऱ्हाईक गेलो उडत."

"खरांच?"

"खरां. पण नुसता सांगान चलाचा नाय. माका दिसाक होया, नायतर शाणो साक्षीदार आण. तुझ्या मैत्रिणी चलाच्यो नाय."

तो महिना आम्ही सड्यावर घालवला. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं काळंभोर पठार, वर वारा, खाली दूरवर समुद्राची पांढुरकी रेघ. दिनू शिकवायचा ते मंत्रासारखं अजून म्हणता येतं. पयलो गिअर. वीसचो स्पीड. मागे सरकान बस. उजवो पाय ब्रेकार, तो थंयसून हलता नये. क्लच वायच दाब, रेस दी, सोड. चाकाक बघा नको, लांब बघ. पडतंय असा वाटला की मागचो ब्रेक नुसतो टेकव, चाक आपोआप खाली येतला. मी सगळं करायची. दिनूच्या हेल्मेटात माझं डोकं उखळीतल्या मुसळासारखं डुलायचं. आणि नेमकं पुढचं टोक हलकं व्हायला लागलं की माझा हात माझ्याआधी घाबरायचा आणि रेस बंद करायचा.

दिनू बाजूला जमिनीवर पालथा पडून चाकाखालून उजेड दिसतो का ते बघायचा.

"दिसलो काय रे?"

"दिसलो."

"किती?"

"मुंगी गेली आसती." मग प्रामाणिकपणे, "वायच वाकान."

क्लचप्लेटा तापल्या की करपल्या कुळथासारखा वास सुटायचा. त्या वासात आम्ही सड्यावर बसून शेंगदाणे खायचो. मी म्हणायची रस्ता खराब आहे. दिनू म्हणायचा चाक रस्त्यावर नसताना रस्त्याचा काय संबंध. पण संबंध होता. खडबडीत जांभ्यावर गाडी आधीच थरथरायची, त्यात माझी थरथर मिसळायची. मला गुळगुळीत, सरळ, रिकामा रस्ता हवा होता. असा रस्ता तालुक्यात एक होता, साकवापासून शाळेपर्यंतचा, नुकतंच डांबर पडलेला. आणि त्यावर एसटी, म्हशी आणि आपा कायम असायचे.

आपा निवृत्त पोस्टमास्तर आणि गावचे मानकरी. देवापुढचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. घरात आणि बाजारात ते मालवणी बोलत. पण चारापेक्षा जास्त माणसं जमली की त्यांच्यातून पोस्टातलं परिपत्रक बोलू लागे. गावपळणीच्या आदल्या दिवशी देवळासमोर ते म्हणाले होते, "समस्त ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की शिवेच्या आत मानवी पाऊल पडता कामा नये. पाळीव प्राण्यांच्या बाबतीतही कसूर खपवून घेतली जाणार नाही." त्यांनी धोतराचा सोगा असा झटकला की एक कुत्रा आपणहून शिवेकडे निघाला.

दोन दिवस काजूच्या उतारावर दिनूने मला गाडी फिरवू दिली. मातीत मागचं चाक घसरायचं, पुढचं बसून राहायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळा गाव जेवून आडवा झाला. झापांखालून घोरण्याचे वेगवेगळे सूर येत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कौल होऊन गाव घरी परतणार, गिऱ्हाईक येणार. दिनू तोंडावर टॉवेल टाकून झोपला होता, चावी त्याच्या उशाशी. मी ओहोळापर्यंत गाडी ढकलत नेली. साकवापलीकडे तो रस्ता पडला होता. काळा, तुळतुळीत, उन्हात पाणी असल्यासारखा. त्याच्यावर एकही जीव नव्हता. तीन-चार वर्षांतून तीन दिवस तो असा असतो, आणि तेवढेच तीन दिवस तिथे जायचं नाही.

मी देवभोळी नव्हते, पण नियम मोडणारीही नव्हते. म्हणून मी नियम वाचला. मानवी पाऊल पडता कामा नये. माझी दोन्ही पावलं फूटरेस्टवर असतील. चाकाबद्दल आपा काही बोलले नव्हते. शाळेच्या पटांगणात पाय न टेकता गोल वळसा मारता येतो. आज मला हा युक्तिवाद ऐकून हसू येतं. त्या दिवशी तो मला सुप्रीम कोर्टात टिकण्यासारखा वाटला. गाडी सुरू केली, पाय वर घेतले आणि साकव ओलांडला.

रिकाम्या गावासारखी गोष्ट नाही. घरं तीच, पण तोंड बंद करून तुमच्याकडे बघणारी. कुठल्या तरी पडवीत नळ टिपटिपत होता. एका कुलूपबंद घरात भिंतीवरच्या घड्याळाने तीनचे टोले दिले, आणि ते कोणासाठी दिले असा प्रश्न पडून माझ्या मानेवर काटा आला. खळ्यांत कावळेही नव्हते. तेही उष्ट्यामागून शिवेबाहेर गेले असावेत. गाडीचा आवाज भिंतींवरून परत येत होता, त्यामुळे माझ्यामागून आणखी दोन-तीन गाड्या येतायत असं वाटत होतं.

पहिल्या फेरीत हात घाबरला. शाळेच्या पटांगणात वळसा मारला, गाडी पडता पडता सावरली, पाय वरच. दुसऱ्या फेरीला मी मागे सरकून बसले. मळ्याच्या टोकाला असलेल्या साकवाकडे बघितलं. पयलो गिअर. उजवो पाय ब्रेकार. क्लच दाबला, रेस दिली, सोडला.

काही हिसका बसला नाही. उलट सगळं हलकं झालं. हॅन्डल हातात रिकाम्या पाटीसारखं उचललं गेलं, आणि ते अजून वर, अजून वर येत राहिलं. रस्ता नाहीसा झाला. त्याच्या जागी पुढची काच, आणि काचेपलीकडे निव्वळ आभाळ, पौषातलं, धुतलेल्या परातीसारखं. पुढचं चाक हवेत आपल्याच नादात फिरत होतं. त्याची बारीक सरसर मला इंजिनाच्या आवाजातून वेगळी ऐकू येत होती. माझा हात या खेपेला घाबरायला विसरला. मी ओरडले. त्यात एकही सभ्य अक्षर नव्हतं; एकही अक्षर नव्हतं. विजेचा एक खांब डाव्या बाजूने मागे गेला. कीर्तनात एका राजाची गोष्ट ऐकली होती, खरं बोलण्याच्या पुण्याईने त्याचा रथ जमिनीवरून चार बोटं वर चालायचा. माझं चाक चोरून आलेलं होतं आणि चांगलं दोन हात वर होतं.

मग मला कळलं की मी करते आहे. हे कळलं की संपतं. ब्रेक टेकवायचा तो मी दाबला. चाक दाणकन खाली आदळलं, इंजिन बंद पडलं, गाडी डावीकडे कलली आणि माझा डावा पाय, युक्तिवादासकट, गावाच्या जमिनीवर आला. फूटरेस्ट घोट्यावर बसला.

शांतता परत आली. त्या शांततेत कोणीतरी म्हणालं, "म्यँव."

उजव्या हाताच्या घराच्या पायरीवर आपा बसले होते. लुंगी, बनियन, आणि हातात बांगड्याच्या डोक्यांची पिशवी. त्यांच्या पायाशी एक करडी मांजर जेवता जेवता थांबून माझ्याकडे बघत होती. आपाही बघत होते.

"गो, तू हय काय करतंस?" आपा म्हणाले.

"आपा, तुमी?"

"माका ती बीपीची गोळी..." त्यांनी पिशवीकडे बघितलं. वाक्य तिथेच सोडलं. "ह्या येनाच. दोनदा पोत्यात घातलंय, दोनदा फाडून पळाला. तीन दिस उपाशी ठेवू?"

"आणि देव?"

"देवाक म्हायत आसा. रोज येताना सांगान येतंय." मग जरा सावरून, "तुझो पाय लागलो हा."

"तुमचे दोनय लागलेहत."

आपांनी स्वतःच्या पायांकडे असं बघितलं, जणू ते कोणीतरी त्यांना नकळत जोडले होते. मग त्यांचा चेहरा हळूहळू उलगडला.

"पण काय गेला गो ता चाक! दोन हात! लोकां जत्रेत तिकीट काढून बघतत, माका घराच्या पायरीर बसान गावला." ते उठले, पिशवी झाडली. "मी तुका बघूक नाय. तू माका बघूक नाय. जा आता, आणि इंजिन बंदच ठेवून जा."

मी गाडी ढकलत साकवापर्यंत नेली. घोटा ठणकत होता आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. महिनाभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते झालं होतं. आणि त्याला शाणो म्हणावा असा साक्षीदारही होता, तालुक्यात याहून शाणा मिळाला नसता. फक्त त्याने काही बघितलं नव्हतं. ओहोळाच्या पाण्यात पाय बुडवून बसले तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. दिनूला सांगायचं तर कुठे केलं ते सांगावं लागणार. माझं मी सांगितलं असतं. आपांचं कसं सांगणार?

सकाळी शिवेवरच्या घुमटीत कौल लावला. देवाच्या पाषाणावर ओले तांदूळ चिकटवतात. उजवा दाणा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. सगळा गाव बोचकी बांधून तयार होता. डावा दाणा पडला.

असं आमच्या आठवणीत कधी झालं नव्हतं. झापांखाली एक कुजबुज गेली. मी कशाकशावर विश्वास ठेवत नव्हते, त्यातली एकही गोष्ट मला त्या क्षणी आठवेना. आपा पुढे झाले. या खेपेला परिपत्रक नव्हतं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"जाणतेपणी, नेणतेपणी, कोणाचा पाऊल शिवेच्या भुतूर पडला आसात..."

"व्हय म्हाराजा!" हे जरा हळू आलं.

"कोणाचा वस्तू आणूक, कोणाचा मुक्या जनावराक बघूक, कोणाचा पोरपणान पडला आसात, ता पदरात घी, आणि ह्या लेकरांका घराक जाऊक दी रे म्हाराजा!"

मी आजूबाजूला चोरून बघितलं. आणखी कोण अपराधी दिसतं ते बघावं म्हणून. दुधाच्या डेअरीवाल्याची मान खाली होती. माझ्या आईची खाली होती. माना खाली घातलेल्यांची संख्या बघता गाव तीन दिवस रिकामा तरी होता का, अशी शंका आली. पुन्हा तांदूळ लावले. उजवा दाणा असा पडला, जणू मघापासून त्याला जायची घाई होती.

हसत-ओरडत गाव साकवाकडे निघाला. तिथे कणकवलीचा गिऱ्हाईक स्वतःचं हेल्मेट घेऊन उभा होता. दिनूने खिशातून चावी काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"शेवटची संधी. वर गेला काय कधी? सांग."

"गेला."

"कोण बघल्यान?"

आपा चार पावलांवर होते, देवाचं तबक हातात, मागे पंचवीस-तीस माणसं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांचं बनियन आठवलं, आणि बांगड्याची डोकी.

"कोण नाय," मी म्हणाले. "दी तेका चावी."

दिनूने चावी पुढे केली. गिऱ्हाईकाने हात पुढे केला.

"थांब रे," आपा म्हणाले. "मी बघलंय."

"तुमी? खंय?"

आपांनी तबक बाजूच्या माणसाकडे दिलं. माणसं चारापेक्षा पुष्कळ जास्त होती, पण ते मालवणीतच बोलले. "काल दोपारी. माझ्या घरासमोर. दोन हात वर, ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत. मांजराक जेवूक घालूक गेल्लंय मी. देवान उजवो दिल्यान. आता तुमका काय म्हणाचा ता म्हणा."

मग आईचा आवाज आला, "मी लोणच्याच्या बरणीक फडक्याचो दादरो बांधूक इसारलंय, म्हणान..." आणि मागून कोणी पंपाचं बटण म्हणालं, कोणी चार्जर म्हणालं. डेअरीवाला म्हणाला, "माझा इचारू नकात." साकवावर असं हसू फुटलं की गुरं बिचकली. दिनूने चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ स्वतःच मिटवली. गिऱ्हाईकाला कोणीतरी चहा देतो म्हणून घरी नेलं. तो संध्याकाळी, जेवून, एसटीने गेला.

ते सकाळचं ऊन, ती मूठ, घराघरांची दारं उघडताना येणारा तो तीन दिवसांचा कोंदट, गार वास, चुली पेटल्याबरोबर कौलांमधून निघालेला धूर. आणि मी घोटा सांभाळत तुळतुळीत डांबरावरून लाल गाडी ढकलत घरी नेते आहे. त्यानंतर मी बऱ्याच गोष्टी मिळवल्या, त्यातल्या काहींना समारंभ झाले, शाली मिळाल्या. इतक्या लोकांनी आपापली लाज बाजूला ठेवून दिलेलं पुन्हा काही मिळालं नाही. आपा आता नाहीत. परवा त्यांच्या घरासमोर गाडी थांबवली. रस्त्यावर पंचायतीने तीन गतिरोधक घातले आहेत, त्यातला एक नेमका दोन खांबांच्या मध्ये. काजूचा वास घेत मी तिथे थोडा वेळ बसून राहिले, उजवा पाय ब्रेकवर ठेवून.

त्या वेळी गाडी माझ्या नावावर करायला मी आणि दिनू ओरोसच्या आरटीओत गेलो. खिडकीतल्या बाईंनी ओळखीचा कागद मागितला, म्हणून मी लायसन्स पुढे केलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. ते बिनगिअरच्या स्कूटरचं होतं.